एक जूनची माणसं

आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे. हे विधान मी अनुभवाने करतो आहे. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पेन्शनच्या काउंटरवर. समोर आलेल्या कागदावर जन्मतारखेच्या रकान्यात एक जून दिसला, की पुढचं साल वाचायच्या आधीच मी मनात म्हणत असे, "या, आपल्यातलेच दिसता!" कारण कागदोपत्री मीही एक जूनचाच. आई मात्र शेवटपर्यंत सांगायची, की मी भर पावसात झालो आणि सुईणीला आणायला गेलेले वडील ओढ्यापलीकडे दोन तास अडकून पडले होते. आता एक जूनला आमच्याकडे ओढ्याला पाणी सोडा, चिखलसुद्धा नसतो. पण शाळेच्या दाखल्यापुढे ओढ्याचं आणि आईचं कोण ऐकतो?

यात कुणाची लबाडी नव्हती. जून उजाडला की शाळा उघडायची. बाप पोराला घेऊन मास्तरांपुढे उभा राहायचा. पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडून दाखवला, की ते शाळेच्या वयाचं झालं असं मानायचे. "जन्म कधीचा?" म्हटलं तर बाप सांगणार, "मोठा पूर आला, त्याच्या पुढल्या साली." रजिस्टरात पुराला रकाना नसतो. मग मास्तर बोटांवर वर्षं मोजायचे, शाळेच्या नियमात बसेल असं साल काढायचे आणि पुढे बिनदिक्कत लिहायचे : एक जून. रकाना भरला, मास्तर मोकळे, पोरगं वर्गात.

हे सगळं आठवायचं कारण असं, की वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला तसाच एक मास्तर पुन्हा भेटला. फक्त तो एक जून लिहीत नव्हता. तो लिहीत होता एक जानेवारी १९७०.

निवृत्तीनंतर गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं मानद चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. 'मानद' म्हणजे पगार नाही आणि सुटका पण नाही. वाचनालयात एक कॉम्प्युटर होता आणि त्यात सभासदांची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम होता. गावातल्याच एका होतकरू मुलाने तो काही वर्षांपूर्वी फुकटात लिहून दिला होता. मुलगा पुढे नोकरीला परदेशी गेला, प्रोग्राम मागे राहिला. २०२४ साली कार्यकारिणीने ठराव केला, की वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण केलेल्या सभासदांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. यादी करण्याचं काम अर्थातच चिटणिसाकडे. मी ग्रंथपालबाईंना म्हटलं, "त्यात काय, एक बटण दाबायचं."

बटण दाबलं. यादीत एकच नाव आलं. जन्मतारीख : तीस नोव्हेंबर, साल उणे एक.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उणे एकच. म्हणजे हे गृहस्थ शालिवाहन शक सुरू व्हायच्याही आधीपासून आमचे सभासद. वर्गणी मात्र मार्चपासून थकलेली. बाकीचे म्हातारे गेले कुठे म्हणून सगळी यादी काढली, तर ते सापडले. काठी टेकत येणारे, कानाला यंत्र लावणारे, जिन्याच्या चार पायऱ्यांवर तीनदा बसणारे असे झाडून सगळे एक जानेवारी १९७० ला जन्मले होते. त्यातले काही जण एकतीस डिसेंबर १९६९ चे, म्हणजे एका दिवसाने वडील.

पुण्याला हिंजवडीत पुतण्या असतो. त्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "काका, प्रोग्राम पीएचपीत आहे ना? मग बरोबर आहे."

"बरोबर कसं? अरे, अध्यक्षांच्या वडिलांना त्याने अध्यक्षांपेक्षा लहान केलंय!"

"म्हणजे चुकीचंच आहे, पण पीएचपीच्या मानाने बरोबर आहे."

मला हे वाक्य कळलं नाही. पुतण्या तरी रोज किती वेळ देणार? शेवटी आमच्याच वाचनालयातलं पीएचपीवरचं एक जाडजूड पुस्तक स्वतःच्या नावावर काढलं आणि अभ्यासाला लागलो. सौ. म्हणाली, "अहो, या वयात लोक ज्ञानेश्वरी घेतात." तिचं म्हणणं रास्त होतं. पण ज्ञानेश्वरी वाचून अध्यक्षांच्या वडिलांचं वय दुरुस्त होण्यासारखं नव्हतं.

पुस्तकाची सुरुवात मात्र कादंबरीसारखी निघाली. या भाषेचा जनक रासमुस लेरडॉर्फ. जन्म ग्रीनलंडचा, वाढला डेन्मार्क आणि कॅनडात. १९९४ साली त्याने आपला बायोडेटा वेबपानावर टाकला आणि तो किती जण येऊन बघतात हे मोजायला स्वतःपुरते काही लहान प्रोग्राम लिहिले. ८ जून १९९५ ला ते त्याने सगळ्यांसाठी खुले केले. (एक जून थोडक्यात हुकला!) नाव ठेवलं 'पर्सनल होम पेज टूल्स', म्हणजे अगदी घरगुती मामला. पुढे इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतल्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांनी त्याचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ च्या जूनमध्ये पीएचपीची तिसरी आवृत्ती आली. नावही बदललं : 'पीएचपी : हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर'. यातल्या पहिल्या 'पी'चा अर्थ पुन्हा 'पीएचपी'च. एखाद्याने घराचा पत्ता 'आमच्या घराजवळ' असा सांगावा, तसं हे.

तेव्हा ही भाषा म्हणजे घरगुती खानावळ. आधी घरच्यांपुरता स्वयंपाक, मग शेजारी जेवायला येऊ लागले, मग शेजाऱ्यांचे पाहुणे. भिंती पाडून पंगती वाढवल्या, जिने नको तिथे आले. विकिपीडिया याच खानावळीतलं, फेसबुकही २००४ साली जन्मलं ते इथेच जेवून. आणि खानावळीचा स्वभाव एकच : आलेल्याला 'नाही' म्हणायचं नाही. भात संपला तर पोळी वाढायची, पोळी संपली तर कालचं काहीतरी, पण पानात काहीतरी पडलंच पाहिजे. आमच्या याद्यांचा सगळा घोटाळा या गोड स्वभावापायी झाला होता.

झालं होतं असं. आपण तारीख लिहितो पंचवीस, तिरकी रेघ, बारा, तिरकी रेघ, अठ्ठेचाळीस. मशीनमध्ये 'स्ट्र-टू-टाइम' नावाचं एक फंक्शन आहे, ते लिहिलेली तारीख वाचून तिचे सेकंद करतं. त्याचा नियम असा, की मध्ये तिरकी रेघ असली तर तारीख अमेरिकन धरायची : आधी महिना, मग दिवस. मध्ये आडवी रेघ असली तर आपल्यासारखी, आधी दिवस. आता रेघ तिरकी काढायची की आडवी, यावर माणसाचा जन्म ठरतो हे ग्रंथपालबाईंना कोण सांगणार? 'पंचवीस तिरकी रेघ बारा' म्हटल्यावर मशीन पंचविसावा महिना शोधायला निघालं. तो सापडला नाही. तेव्हा स्ट्र-टू-टाइमने 'जमलं नाही' असं प्रामाणिकपणे कळवलं. पण पुढच्या फंक्शनने त्या 'जमलं नाही'चा अर्थ लावला 'शून्य'. आणि शून्य सेकंद म्हणजे एक जानेवारी १९७०.

का, तर मशीनचा शक तिथून सुरू होतो. आपला शक शालिवाहनाचा, तसा यांचा युनिक्सचा. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्सन आणि डेनिस रिची या जोडीने युनिक्स उभी केली. १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत काळ मोजायचा तो १ जानेवारी १९७१ पासून, तोही सेकंदाच्या साठाव्या भागांत. त्या मापाने सगळे आकडे सव्वादोन वर्षांत संपले असते. तेव्हा पुढे माप सेकंदांचं झालं आणि आरंभ १९७० च्या पहिल्या क्षणी पक्का झाला. त्यातही बत्तीस बिटांच्या जुन्या हिशेबाची वही १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी भरते. तेव्हा मी चिटणीस नसेन, एवढी खबरदारी घेणार आहे.

आता तो एक दिवसाचा वडीलपणा. शून्य सेकंद हा क्षण ग्रीनिचचा. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते, पण न्यूयॉर्कला अजून आदल्या दिवशीची संध्याकाळच होती. आमचा प्रोग्राम सुरुवातीला अमेरिकेतल्या सर्व्हरवर होता, म्हणून तेव्हा नोंदलेले म्हातारे एकतीस डिसेंबरचे. पुढे त्या मुलाने प्रोग्रामला भारतीय वेळ सांगितली, ते एक जानेवारीचे. ही वेळ सांगताना 'आशिया-कोलकाता' असं लिहावं लागतं. 'आशिया-मुंबई' त्या यादीत नाहीच. हे वाचून माझा मुंबईकर साडू खवळला. त्याची समजूत घातली, की बाबा रे, १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरल्यावरही तुझ्या मुंबईने स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत टिकवली होती. एका देशाने दोन घड्याळं पन्नास वर्षं सांभाळली. मशीनने तरी मुंबईच्या किती नादी लागावं?

आणि ते उणे एक सालचे सभासद? त्यांचा रकाना कोराच राहिला होता. कोऱ्या रकान्यात डेटाबेसने सगळी शून्यं भरून ठेवली : शून्य साल, शून्य महिना, शून्य तारीख. आता जानेवारीच्या आधीचा 'शून्यावा' महिना म्हणजे आदल्या वर्षाचा डिसेंबर आणि एक तारखेच्या आधीची शून्य तारीख म्हणजे त्याच्याही आधीच्या महिन्याची अखेर. असं पायरी पायरीने मागे उतरत पीएचपी पोचली तीस नोव्हेंबर, साल उणे एकवर. हिशेब चोख होता. फक्त माणूस दोन हजार वर्षं जुना झाला.

वाईट एवढंच, की चुकीची तारीख एकदा साठवली की मूळची गेली. बारा तारखेपर्यंत जन्मलेल्यांची तर आणखी पंचाईत : सात डिसेंबरचा माणूस गुपचूप बारा जुलैचा झाला होता आणि कुणाला संशयही आला नव्हता. पंचविसावा महिना निदान ओरडून तरी सांगतो. शेवटी माळ्यावरून सभासदांचं जुनं कागदी रजिस्टर काढलं आणि मी व ग्रंथपालबाई तीन संध्याकाळ बसून एकेक तारीख पुन्हा भरली. या वेळी आडवी रेघ काढून.

रजिस्टर तपासायला आमचे एक सभासद मुद्दाम येऊन बसत. निवृत्त हेडमास्तर, वय ब्याऐंशी, शिकवायचे इतिहास. बरीच वर्षं मुलाकडे मुंबईला राहून नुकतेच गावी परतले होते, म्हणून सभासद क्रमांक अगदी शेवटून दुसरा. ते म्हणाले, "चिटणीस, तुमच्या मशीनला शिवजयंतीचा वार विचारा बरं."

मी १९ फेब्रुवारी १६३० टाकलं. मशीन म्हणालं, मंगळवार.

"सपशेल नापास!" हेडमास्तरांनी टेबलावर बोट आपटलं. "फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार."

रात्री पुन्हा पुस्तक आणि पुन्हा पुतण्या. दोघेही बरोबर निघाले. १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरींनी कॅलेंडर सुधारलं, चार ऑक्टोबरनंतर एकदम पंधरा ऑक्टोबर आणला. इंग्रजांनी ते मानायला १७५२ साल उजाडलं, तेव्हा त्यांचा दोन सप्टेंबरनंतरचा दिवस चौदा सप्टेंबर होता. महाराजांची जन्मतारीख आपण लिहितो ती जुन्या, ज्युलियन पद्धतीची. नव्या पद्धतीने तो दिवस येतो एक मार्च १६३०, शुक्रवार. आणि पीएचपी नवं कॅलेंडर सरसकट मागच्या सगळ्या शतकांना लावते. जुन्या तारखांसाठी तिच्याकडे वेगळी फंक्शन्स आहेत, त्यांतून विचारलं तर शुक्रवारच सांगते. पण आपण विचारलं पाहिजे. 'ही तारीख जुनी की नवी?' असं ती होऊन विचारत नाही. मास्तरांनी तरी आईला कुठे विचारलं होतं?

असो. तारखा दुरुस्त झाल्या. आता शाली किती आणायच्या याचा आकडा हवा होता. आत्मविश्वास बळावला होता, तेव्हा म्हटलं, हा कोड आपणच लिहू. पीएचपीत चलाचं, म्हणजे व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही ठेवता येतं, हे कळल्यावर तर मला भरून आलं. मी 'शाली' नावाचं व्हेरिएबल केलं, त्यात शून्य ठेवलं, मोजायचं एक फंक्शन लिहिलं आणि प्रत्येक ज्येष्ठ सभासदामागे त्यात एकेक मिळवत गेलो. शेवटी छापलं. शाली : शून्य.

"काका, फंक्शन म्हणजे खोली," पुतण्या म्हणाला. "तुम्ही शालींचा गठ्ठा ओसरीवर ठेवलात आणि मोजायला माजघरात गेलात. माजघरातून ओसरी दिसत नाही. तिथे पीएचपीने तुम्हाला नवा गठ्ठा मांडून दिला, तुम्ही तो मोजलात, बाहेर येताना तो तिने मोडून टाकला. ओसरीवरचा गठ्ठा जसाच्या तसा."

"पण मग 'असा गठ्ठा इथे नाही' असं सांगायचं ना तिने!"

"सांगते हो. पण तिची कुरकुर बाहेर दिसू नये म्हणून त्या मुलाने ती बंद करून ठेवलीय. आठव्या आवृत्तीपासून ती आवाज चढवून सांगते. तुमची आवृत्ती जुनी."

उपाय सोपा होता. गठ्ठा हातात घेऊनच माजघरात जायचं आणि मोजलेला आकडा बाहेर आणून द्यायचा. किंवा 'ग्लोबल' म्हणून जाहीर करायचं, की हा ओसरीवरचाच गठ्ठा. गंमत अशी, की पूर्वी या वाड्याचा दिंडी दरवाजा सताड उघडा असे. बाहेरच्या माणसाने फॉर्ममध्ये किंवा पत्त्यात जे नाव लिहून पाठवावं, त्या नावाचं व्हेरिएबल आपोआप घरात येऊन बसायचं. 'रजिस्टर ग्लोबल्स' म्हणत त्याला. सोय मोठी, पण कुणीही रस्त्यावरून 'मी घरचा मालक' अशी चिठ्ठी टाकावी आणि घराने ती मानावी असा प्रकार. चोऱ्या व्हायला लागल्यावर २००२ साली, ४.२ या आवृत्तीपासून दरवाजा लोटून घ्यायची प्रथा पडली आणि २०१२ साली ५.४ मध्ये तो कायमचा भिंत घालून बंद केला. वाड्यातून ब्लॉकमध्ये गेलेल्या आमच्या पिढीला यात नवल वाटू नये. आम्हीही आधी दाराला कडी लावत नव्हतो, आता दोन दारं लावतो आणि वर भिंगातून बघतो.

शाली शेवटी मी हातानेच मोजल्या. तेवीस. यादीत नावं तेवीस, शाली तेवीस, नारळ तेवीस. बँकेत छत्तीस वर्षं मी दोन्हीकडचा आकडा जुळला की घरी जात आलो आहे. आकडा जुळला होता. मी सही केली.

यादीतलं शेवटचं, तेविसावं नाव होतं मामांचं. मामा म्हणजे आमच्या वाचनालयाचे निवृत्त शिपाई. चाळीस वर्षं त्यांनी सकाळी कुलूप उघडलं, वर्तमानपत्रं दांडीला लावली, वाळवी लागलेली कपाटं उन्हात ओढली. नोकरीत असताना सभासद होता येत नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर कधीतरी वर्गणी भरून सभासद झाले. क्रमांक सगळ्यांत शेवटचा.

समारंभ छान चालला होता. बाविसावं नाव हेडमास्तरांचं. टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला. मी तेविसावं नाव वाचलं. पुन्हा हेडमास्तरच.

सभागृहात हशा पिकला. हेडमास्तर जागेवरून उठून म्हणाले, "चिटणीस, मी पंचाहत्तर एकदाच पूर्ण केली!" पुन्हा हशा. अध्यक्षांनी वेळ सावरली, आभारप्रदर्शन उरकलं. टेबलावर एक शाल आणि एक नारळ तसाच राहिला. कुणाचा, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवेना. मग मागे नजर गेली. शेवटच्या रांगेत मामा टाळ्या वाजवत होते. घरून धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते जुन्या सवयीने खुर्च्या एकावर एक रचायला लागले.

त्या रात्री पुतण्याला मी साडेअकराला उठवलं.

"काका, नावांपुढे 'श्री.' तुम्ही लावलंत का?"

मीच लावलं होतं. नुसतं नाव वाचणं बरं दिसत नाही, म्हणून ॲरेतल्या, म्हणजे त्या ओळीने मांडलेल्या यादीतल्या, प्रत्येक नावापुढे 'श्री.' किंवा 'श्रीमती' जोडायचं एक आवर्तन लिहिलं होतं. पीएचपी एरवी अशा आवर्तनात नावाची नक्कल हातात देते. मूळ नाव बदलायचं तर व्हेरिएबलच्या आधी 'अँड'चं चिन्ह लावायचं, असं पुस्तकात होतं. लावलं. मग दुसऱ्या आवर्तनात यादी छापली, व्हेरिएबलचं नाव तेच ठेवून.

"तिथेच गेलं," पुतण्या म्हणाला. "फंक्शनला भिंती असतात, पण आवर्तनाला नसतात. पहिलं आवर्तन संपलं तरी ते व्हेरिएबल शेवटच्या जागेला दोरीने बांधलेलंच राहिलं. दुसऱ्या आवर्तनात त्यात एकेक नाव येत गेलं, ते पडलं थेट शेवटच्या जागेवर. समजा तेवीस खुर्च्या आहेत. जो तो आपलं नाव पुकारलं की क्षणभर शेवटच्या खुर्चीवर बसून जातोय. पहिला बसला, दुसरा बसला, असं करत बाविसावा बसला. आणि तेविसाव्याची पाळी आली तेव्हा..."

"तेव्हा खुर्चीवर हेडमास्तर."

"हो. पहिल्या आवर्तनानंतर 'अनसेट' म्हणून दोरी सोडायला हवी होती. एका ओळीचं काम. पीएचपीच्या माहितीपुस्तकात इशारासुद्धा आहे."

इशारा आमच्याही पुस्तकात होता. मी ते पान वाचलं नव्हतं.

आकडा का जुळला तेही कळलं. माणूस गळाला होता, पण जागा गळाली नव्हती. छत्तीस वर्षं मी जुळवत आलो ते नेमकं काय, असा एक प्रश्न मनात येऊन गेला. त्याचं उत्तर शोधायला मी मुद्दाम बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन मामांकडे गेलो. मामांनी घाईने चटई टाकली, आत चहाचं सांगितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच अपराध्यासारखे म्हणाले, "साहेब, तुमचा दोष न्हाई. मशीनला कळलं असंल."

"काय कळलं असेल?"

"माझी तारीख खोटी हाय म्हणून. एक जून मास्तरांनी लिवला. म्या कालच घरात बोललो, येवढी वर्षं कुणाला कळलं न्हाई, मशीननं बरोबर पकडलं."

मला काही बोलता येईना. चाळीस वर्षं कुलपाची किल्ली सांभाळलेला माणूस रात्रभर स्वतःला खोटा समजत होता, माझ्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे. मी म्हटलं, "मामा, मशीनला काही कळत नाही. चूक माझी होती. आणि तारखेचं म्हणाल, तर मीही एक जूनचाच." ते हसले. मग म्हणाले, "तुमीबी?"

चहा पिताना विचारलं, "मामा, खरा जन्म कधीचा?" त्यांनी लगेच सांगितलं. आईने शंभरदा सांगितलेलं, पाठच होतं. चहा संपल्यावर मी ती शाल त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजवायला त्यांची नातवंडं होती, ती सभागृहापेक्षा जोरात वाजली.

वाचनालयात आल्यावर मामांची नोंद उघडली. तारखेच्या रकान्यातला एक जून काढून टाकला. पुतण्याच्या मदतीने डेटाबेसला सांगून ठेवलं आहे, की रकाना कोरा असेल तर शून्यं भरायची नाहीत, तो कोराच ठेवायचा. आणि प्रोग्रामला सांगितलं आहे, की कोरा रकाना दिसला तर तिथे 'तारीख माहीत नाही' असं सरळ छापायचं. तीन शब्दांचं काम, पण ते करून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. शेरा म्हणून एक नवा रकाना वाढवला आहे, त्यात वाटेल ते लिहिता येतं.

मामांच्या शेऱ्यात लिहिलं आहे : गांधीजी गेले त्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

खाली माझ्या नोंदीतही एक ओळ घातली आहे. ओढ्याला पाणी होतं.